हात स्टिअरिंगवर, कान गप्पांत

‘ग्रान टुरिस्मो ४’ या गेममध्ये ७०० हून अधिक गाड्या आहेत आणि त्यातली एक चक्क १८८६ सालची आहे. मुळात ती घोडागाडीच. गॉटलिब डाइमलरनं घोडे सोडले आणि तिच्यात इंजिन बसवलं. जीव खाऊन पळवली तरी ताशी १८ किलोमीटरच्या आसपास जाते. ही गाडी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर उतरवली, तर २०.८ किलोमीटरची एकच फेरी तासाभराहून जास्त चालते. गेमिंग पॉडकास्टचा एक भागही साधारण तेवढाच असतो. ही जोडी मी मनापासून सुचवतो.

रेसिंगइतके कान मोकळे सोडणारे गेम फार थोडे. कथेच्या गेममध्ये संवाद ऐकावे लागतात, नेमबाजीच्या गेममध्ये पाठीमागून येणारी पावलं ऐकावी लागतात. रस्त्यावर डोळे आणि हात पुरते गुंतलेले असतात, कान मात्र रिकामे. त्या कानांना काय द्यायचं, हा प्रश्न रेसिंग गेम बनवणाऱ्यांपुढे पहिल्यापासून आहे, आणि त्यांनी शोधलेली उत्तरं त्यांच्या गाड्यांइतकीच भन्नाट आहेत.

रस्ता जमत नाही? मग रात्र करा

सुरुवात १९७४ पासून. अटारीचं ‘ग्रान ट्रॅक १०’ हे आर्केड मशीन आलं, तेव्हा त्याला स्टिअरिंग, गिअर, ॲक्सिलरेटर, ब्रेक असं सगळं होतं. पडद्यावरचा ट्रॅक मात्र नुसत्या ठिपक्यांचा. एक मशीन बनवायला १,०९५ डॉलर लागत होते आणि हिशेबातल्या चुकीमुळे ते ९९५ डॉलरला विकलं जात होतं. म्हणजे जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त! त्याच वर्षी जपानमध्ये तैतो कंपनीचा ‘स्पीड रेस’ आला. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी चार वर्षांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला आणि जगभरातल्या पोरांचे खिसे रिकामे केले.

माझा जीव आहे तो १९७६ च्या ‘नाइट ड्रायव्हर’वर. ड्रायव्हरच्या नजरेतून दिसणारा रस्ता काढायचा होता, पण त्या काळच्या यंत्रात तेवढी ताकदच नव्हती. मग अटारीनं रात्र केली. काळ्या पडद्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खांब तेवढे अंगावर येतात, बाकीचा रस्ता आपला मेंदू भरून काढतो. आणि गाडी? ती पडद्यात नव्हतीच. काचेवर खालच्या बाजूला छापील प्लॅस्टिकची गाडी लावलेली होती. ती जागची हलत नाही, रस्ता हलतो, आणि तरीही वळणावर आपण अंग तिरकं करतो. आजच्या महागड्या ग्राफिक्सनाही याहून जास्त काही साधायचं नसतं.

१९८२ मध्ये नामकोच्या ‘पोल पोझिशन’नं फुजी स्पीडवे हा जपानमधला खराखुरा ट्रॅक आणला. शर्यतीआधी पात्रता फेरी ठेवली आणि मशीनला बोलायलाही लावलं. फेरी सुरू होण्याआधी ते आवाज देऊन खेळाडूला सावध करायचं. आर्केडच्या कलकलाटात तेवढं एक वाक्य आपल्यासाठी असायचं.

मग आला १९८६ चा ‘आउटरन’. सेगाच्या यू सुझुकी यांनी त्यासाठी युरोपात गाडीनं भटकून रस्ते पाहिले. लाल फेरारीसारखी उघडी गाडी, शेजारी मैत्रीण, एका बाजूला समुद्र. पण खरी कमाल गाडी सुरू होण्याआधी आहे. स्टार्ट दाबल्यावर पहिल्यांदा दिसतो रेडिओ. एक हात बटण फिरवतो आणि हिरोशी कावागुची यांच्या तीन धुनांपैकी एक आपण निवडायची. पुढे रस्त्याला फाटे फुटतात, पाच टप्प्यांच्या शेवटी पाच वेगवेगळे मुक्काम. पण पहिला निर्णय कानांचा! आजच्या ‘फोर्झा होरायझन’मध्ये रेडिओ स्टेशनांची रांग असते, तिचा मूळपुरुष हा.

कॅसेटमधला कोनामी मॅन

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. त्यांच्या कॅसेटवर हजारो गेमचा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून यायचे. त्यात ‘रोड फायटर’ हमखास. कोनामीनं १९८४ मध्ये आर्केडसाठी बनवलेला हा गेम. लाल गाडी, वरून दिसणारा रस्ता, आणि वेळेऐवजी संपत जाणारं पेट्रोल. रंगीबेरंगी गाडीला धडकलं की पेट्रोल वाढतं, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. पण एकही धडक न देता बराच वेळ गाडी पळवली, की रस्त्याकडेनं एक उडता माणूस जायचा आणि गुण मिळायचे. अनेकांनी त्याला सुपरमॅन ठरवून टाकलं. तो कोनामी मॅन, कंपनीचा स्वतःचाच हिरो.

मग सायबर कॅफे आले आणि ‘रोड रॅश’ आला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं तो १९९१ मध्ये सेगाच्या कन्सोलसाठी काढला होता. आपण खेळलो ती पीसीवरची १९९६ ची आवृत्ती. शेजारच्या बाइकवाल्याला लाथ, साखळी, दांडका, आणि मागून पोलीस. पॅसिफिक हायवे, सिएरा नेवाडा, नापा व्हॅली ही कॅलिफोर्नियातली नावं पुण्या-नाशकातल्या पोरांना शाळेच्या नकाशाआधी या गेमनं शिकवली. नताशा नावाची बाइकवाली पुढे निघाली की कॅफेत आरडाओरडा व्हायचा. एक गोष्ट मात्र अनेकांना पुष्कळ उशिरा कळली. या गेममध्ये साउंडगार्डन, मॉन्स्टर मॅग्नेट अशा अमेरिकन रॉक बँडची गाणी होती. आपल्याकडे फिरणाऱ्या कॉप्यांमधून जागा वाचवायला गाणी आणि व्हिडिओ अनेकदा उडवलेले असत. मूळ गेम मिळाला तर नुसत्या मेन्यूवर थांबा आणि ऐका.

पॉडकास्टच्या आधीचा पॉडकास्ट

२००१ चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ काही निव्वळ रेसिंग गेम नाही, पण त्यातला अर्धा वेळ गाडीतच जातो. त्या गाड्यांच्या रेडिओवर गाण्यांच्या स्टेशनांबरोबर ‘चॅटरबॉक्स’ नावाचं एक स्टेशन होतं. त्यावर गाणी नाहीत, फक्त गप्पा. निवेदक लॅझलो हा खऱ्या आयुष्यातही रेडिओवरचाच माणूस. लोक फोन करतात, भांडतात, काहीबाही बोलतात, लॅझलो त्यांना सांभाळतो. मिशन संपलं तरी गाडीतून उतरावंसं वाटत नाही, कारण फोनवरच्या माणसाचं बोलणं अर्धवट राहिलेलं असतं. ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली ती जून २००५ मध्ये. गाडी चालवता चालवता गप्पा ऐकायची सवय त्याआधीच एका गेमनं लावून ठेवली होती.

त्याच २००५ मध्ये ‘वनअप युअर्स’ हा गेमिंग पॉडकास्ट सुरू झाला. गेमच्या मासिकात लिहिणारी मंडळी आठवड्याला एकदा माईकसमोर बसायची आणि छापील परीक्षणात जे मावत नाही ते बोलायची. पुढच्या वर्षी त्याच घरातून ‘रेट्रोनॉट्स’ आला. जुन्या गेमचा इतिहास खणणारा हा पॉडकास्ट आजही चालू आहे. ‘आउटरन’सारख्या गेमबद्दल प्रेमानं आणि अभ्यासानं बोलणारी माणसं ऐकायची असतील तर तिथे जा.

‘जायंट बॉम्बकास्ट’ची कथा तर सिनेमात शोभेल. जेफ गर्स्टमन हा ‘गेमस्पॉट’ या गेमविषयक साइटचा परीक्षक. २००७ मध्ये त्यानं ‘केन अँड लिंच’ या गेमला १० पैकी ६ गुण दिले, तेव्हा साइटभर त्याच गेमच्या जाहिराती लागल्या होत्या. त्यानंतर त्याला नोकरीवरून काढलं. त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे २०१२ मध्ये त्यानं स्वतःच सांगितलं. दरम्यान २००८ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसोबत ‘जायंट बॉम्ब’ ही साइट उभी केली आणि दर मंगळवारचा त्यांचा पॉडकास्ट हजारो खेळाडूंची सवय झाला. पुढे मालक बदलत गेले, गर्स्टमनही २०२२ मध्ये बाहेर पडला. मे २०२५ मध्ये तिथे काम करणाऱ्यांनीच ती साइट विकत घेतली. आता ती त्यांची स्वतःची आहे.

माईकसमोर बोलणारी माणसं गेम बनवायलाही गेली. ‘वनअप युअर्स’मधला ल्यूक स्मिथ बंजी या गेम बनवणाऱ्या कंपनीत गेला आणि ‘डेस्टिनी’च्या मोठ्या भागांचा दिग्दर्शक झाला. ‘आयडल थम्ब्ज’ या पॉडकास्टच्या मंडळींनी २०१६ मध्ये ‘फायरवॉच’ काढला. त्या गेमचा अख्खा जीव वॉकीटॉकीवरच्या दोन माणसांच्या बोलण्यात आहे. वर्षानुवर्षं पॉडकास्ट केलेल्या लोकांनीच असा गेम बनवावा, यात नवल नाही.

चांगला गेमिंग पॉडकास्ट म्हणजे संध्याकाळचा कट्टा. विषय निघतो नव्या गेमचा आणि अर्ध्या तासानं मंडळी पिझ्झ्यावर पोचलेली असतात. नुसत्या बातम्या वाचून दाखवणारे पॉडकास्ट मला रुचत नाहीत, त्या मला फोनवर दोन मिनिटांत वाचता येतात. आणि एक राग आहे, तो बोलतोच. बहुतेक पॉडकास्टवर रेसिंग गेमची बोळवण होते. ‘छान दिसतो, गाड्या भरपूर आहेत’ एवढं म्हणून पुढे. मारामारीच्या गेममधल्या एका तलवारीवर वीस मिनिटं बोलणाऱ्यांनी एखाद्या गाडीच्या वळणावरच्या पकडीवर दहा मिनिटं तरी बोलावं. तिथेही तितकीच कारागिरी असते.

इथे मात्र पॉडकास्ट बंद

रॅली सुरू केली की गप्पा बंद, हा माझा नियम. रॅलीत रस्ता आधी कानांना दिसतो. शेजारी बसलेला सहचालक वही वाचत असतो: डावं चार, उजवं तीन, पुढे चढ, कट मारू नको. ‘डर्ट रॅली’च्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकं वळण तीव्र. सहा म्हणजे जवळपास सरळ, एक आला की हाताला मुंग्या येतात. १९९८ च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’त हा आवाज निकी ग्रिस्टचा होता, म्हणजे रॅली ड्रायव्हर मॅक्रेच्या खऱ्या गाडीत बसणाऱ्या माणसाचाच. २०१५ च्या ‘डर्ट रॅली’त गेमचा दिग्दर्शक पॉल कोलमन यानंच वही वाचली, कारण तो स्वतः रॅलीत सहचालक म्हणून बसलेला होता. २०१९ च्या दुसऱ्या भागात फिल मिल्स आला, २००३ च्या विश्वविजेत्या पेटर सोल्बर्गचा सहचालक. धुक्यात किंवा रात्री दहा मीटरपलीकडचं दिसत नाही, तेव्हा या आवाजावर भरवसा टाकून ॲक्सिलरेटर दाबायचा. रेसिंग गेममध्ये याहून मोठा थरार मला ठाऊक नाही.

आणि दिसतच नसेल तर? ऑक्टोबर २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध खेळाडूंसाठी खास सोयी आल्या. ब्रँडन कोल हे स्वतः अंध गेमर त्यासाठी सल्लागार होते. गाडी ट्रॅकच्या कडेला गेली की त्या बाजूच्या कानात आवाज येतो. पुढच्या वळणाची दिशा आणि तीव्रता बोलून सांगितली जाते. वेग कधी कमी करायचा याची वेगळी खूण आहे, गिअर कधी बदलायचा याचीही. डोळे मिटून, हेडफोन लावून एक फेरी मारून पाहा. पहिली दोन-चार वळणं भिंतीत जातात. मग हळूहळू आवाजांचा रस्ता तयार होतो आणि इतकी वर्षं आपण या खेळाचा केवढा भाग ऐकलाच नव्हता ते कळतं. कोल २०२४ मध्ये गेले. त्यांचं हे काम प्रत्येक रेसिंग गेमनं उचललं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गेमकन्सोलमधून थेट भिंतीवर

३० ऑक्टोबर २०२२, अमेरिकेतल्या मार्टिन्सविलचा नासकार ट्रॅक. शेवटची फेरी. ड्रायव्हर रॉस चॅस्टेन दहावा, आणि विजेतेपदाच्या शेवटच्या चौघांत जायचं तर दोन गाड्या ओलांडणं भाग होतं. जागा नाही, वेळ नाही. लहानपणी तो धाकट्या भावाबरोबर गेमक्यूबवर ‘नासकार २००५’ खेळायचा. त्यात गाडी बाहेरच्या भिंतीला घासत पूर्ण वेगात वळण काढता यायचं. त्यानं खऱ्या गाडीत पाचवा गिअर टाकला, भिंतीला टेकला आणि ॲक्सिलरेटर सोडलाच नाही. एरवी टायरची पकड सुटेल म्हणून ब्रेक लावावा लागतो. इथे गाडीला वळवायचं काम भिंतीनं केलं. पाच गाड्या मागे पडल्या, फेरी झाली १८.८४५ सेकंदांची, आणि चॅस्टेन चौघांत पोचला. पुढच्या हंगामाआधी नासकारनं सांगून टाकलं, पुन्हा कुणी असं केलं तर दंड होईल. गेममधली युक्ती खऱ्या खेळात बंद करावी लागली, यातच तिचं यश आलं!

बाकीचे किस्से भराभर. ‘ग्रान टुरिस्मो’चे जनक काझुनोरी यामाउची यांच्या स्टुडिओनं २००७ च्या खऱ्या निसान जीटी-आरच्या डॅशबोर्डवरचा डिस्प्ले बनवला. २०११ मध्ये याच गेमच्या स्पर्धेतून निवडलेला यान मार्डनबरो दोन वर्षांनी ल माँच्या २४ तासांत आपल्या गटात तिसरा आला. मे २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, फॉर्म्युला ईचा ड्रायव्हर डॅनियल आप्ट यानं ऑनलाइन शर्यतीत आपल्या जागी एका सराईत गेमरला बसवलं. ते उघडकीला आलं, दहा हजार युरोंचा दंड झाला आणि संघानं निलंबित केलं. आणि मे २०२४ च्या एका रविवारी फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेन इमोलाची खरी ग्राँप्री जिंकला, तेव्हा त्याच शनिवार-रविवारात त्याच्या ऑनलाइन संघानं आयरेसिंग या सिम्युलेटरवरची न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यतही जिंकली होती. रात्री त्यानं स्वतः त्यात गाडी चालवली होती.

आठ तासांचा एक गुण

लांब पल्ल्याचे गेम ही माझी सर्वांत आवडती जागा, कारण कट्टा इथेच रंगतो. ‘डेझर्ट बस’ बनवला पेन अँड टेलर या जादूगार जोडीसाठी, १९९५ मध्ये, आणि तो कधी बाजारात आलाच नाही. टूसॉनहून लास व्हेगसला रिकामी बस न्यायची, खरोखरचे आठ तास. वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही आणि बस सतत उजवीकडे ओढते, म्हणून हात काढता येत नाही. रस्ता सोडला तर टोइंगची गाडी बसला परत टूसॉनला आणते, तीसुद्धा तेवढाच वेळ घेऊन. पोचलात तर एक गुण. कॅनडातल्या ‘लोडिंगरेडीरन’ या मंडळींनी २००७ पासून दरवर्षी हाच गेम दिवसरात्र खेळत, प्रेक्षकांशी बोलत, गात, मुलांच्या रुग्णालयांसाठी लाखो डॉलर जमवले आहेत.

चेक प्रजासत्ताकात बनलेला ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा २०१२ चा गेम अजूनही जोरात आहे. त्यातला युरोप १:१९ या प्रमाणात आहे, त्यामुळे तासाभरात दोन-तीन देश होतात. गेममध्ये खऱ्या इंटरनेट रेडिओ स्टेशनांचीही सोय आहे. आणि इंडोनेशियात बनलेल्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’मध्ये आपल्या लोकांनी चक्क लाल एसटी आणली आहे. बसला कोणताही रंग देता येतो, मग पोरांनी महाराष्ट्र राज्य परिवहनची लालपरी हुबेहूब रंगवली. जावाच्या रस्त्यावर नारळाच्या झाडांमधून लाल एसटी जाताना पाहिली की ऊर भरून येतो.

बंद पडलेले रस्ते

एक गोष्ट मला मनापासून खुपते. रेसिंग गेम फार लवकर बाजारातून जातात. प्रत्येक गाडीचं नाव आणि प्रत्येक गाणं मुदतीच्या परवान्यावर घेतलेलं असतं. मुदत संपली की विक्री बंद. ब्रिटनच्या चार ऋतूंचा अप्रतिम ‘फोर्झा होरायझन ४’ १५ डिसेंबर २०२४ नंतर नव्यानं विकत मिळत नाही. अमेरिकाभर गाडी पळवायच्या, युबिसॉफ्टच्या २०१४ च्या ‘द क्रू’चं तर त्याहून वाईट झालं. एकट्यानं खेळायचं तरी सर्व्हर लागायचा, आणि तो ३१ मार्च २०२४ ला बंद केला. पैसे मोजून घेतलेला गेम घरात असून मेला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या तिच्या अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. गेमिंग पॉडकास्टनी हा विषय आठवडेच्या आठवडे लावून धरला. तिथे रेसिंग गेमला इतका वेळ एरवी कुठे मिळतो?

कायदा काय करायचा ते करेल. चाहत्यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतःचा सर्व्हर लिहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ज्यांच्याकडे गेम होता त्यांच्यासाठी ‘द क्रू’ पुन्हा सुरू केला. तुमच्याकडे असेल तर मिशन बाजूला ठेवा, डेट्रॉइटहून पश्चिमेकडे निघा. सपाट शेतं येतात, रॉकीजचा बर्फ येतो, वाळवंट, लास व्हेगसचे दिवे, मग कॅलिफोर्निया, आणि एवढ्या वाटेत एकदाही लोडिंगसाठी थांबावं लागत नाही.